प्रोसेसरला त्याची ओळख विचारताना

सी भाषेत प्रोग्राम लिहून संगणकाच्या प्रोसेसरची माहिती कशी मिळवावी, या एकाच विषयावर गेल्या काही आठवड्यांत बरीच पत्रे आली. त्यांतील पाच येथे घेतली आहेत.

प्रश्न : मी सांगलीत पदविका अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोसेसरचे नाव, कंपनी आणि कोअरची संख्या छापणारा प्रोग्राम मी प्रकल्पासाठी लिहिला. त्यात लिनक्समधील ‘/प्रोक/सीपीयूइन्फो’ ही फाइल उघडून ‘मॉडेल नेम’ने सुरू होणारी ओळ शोधली आहे. प्रयोगशाळेत प्रोग्राम चालतो. घरच्या विंडोजवर ती फाइलच सापडत नाही आणि ६४ बिटच्या रास्पबेरी पाय ४ वर फाइल सापडते, पण नाव कोरे येते. शिवाय चार कोअरच्या संगणकावर ८ हा आकडा छापला जातो. यासाठी सी भाषेत एखादे प्रमाणित फंक्शन नाही का?

उत्तर : असे फंक्शन नाही, आणि ते का नाही हे समजले की पुढचा निम्मा गुंता सुटतो. सी भाषेचे प्रमाण एका कल्पित यंत्राला समोर ठेवून लिहिलेले आहे. त्या यंत्राला स्मृती आहे, क्रिया आहेत, पण कंपनीचे नाव नाही, मॉडेल नाही आणि कोअर किती हा प्रश्नही नाही. त्यामुळे प्रोसेसरविषयी काही जाणून घ्यायचे तर भाषेच्या कुंपणाबाहेर जाऊन दोनपैकी एका माहितगाराला गाठावे लागते : एक तर स्वतः प्रोसेसर, नाहीतर त्याच्यावर चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम. दोघेही खरे सांगतात, पण दोघांना ठाऊक असलेल्या गोष्टी वेगवेगळ्या आहेत. तुमच्या प्रोग्रामने सगळे प्रश्न दुसऱ्या माहितगाराला, तेही केवळ लिनक्समध्ये असणाऱ्या एका फाइलीमार्फत विचारले आहेत.

कंपनी आणि नाव हे प्रश्न प्रोसेसरलाच विचारावेत. इंटेल आणि एएमडी यांच्या एक्स८६ घराण्याला १९९३ मध्ये पेंटियमबरोबर ‘सीपीयूआयडी’ ही आज्ञा मिळाली. ती चालवण्यापूर्वी ईएएक्स या रजिस्टरमध्ये (रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या आतील छोटा साठवण-कप्पा) एक क्रमांक ठेवायचा. आज्ञा पूर्ण झाली की ईएएक्स, ईबीएक्स, ईसीएक्स आणि ईडीएक्स या चार रजिस्टरांत उत्तर येते. इंटेलच्या पुस्तिकांत या क्रमांकाला ‘लीफ’ म्हणतात. आपण त्याला पान म्हणू. पान शून्य उघडले की ईएएक्समध्ये शेवटच्या उपलब्ध पानाचा क्रमांक येतो आणि उरलेल्या तीन रजिस्टरांत, प्रत्येकी चार अक्षरे याप्रमाणे, कंपनीची खूण येते : इंटेलची ‘जेन्युइनइंटेल’, एएमडीची ‘ऑथेंटिकएएमडी’. ही अक्षरे ईबीएक्स, ईडीएक्स, ईसीएक्स या क्रमाने जोडायची असतात. नावांच्या ओघात बी, सी, डी असा क्रम धरला तर खुणेचा मधला आणि शेवटचा तुकडा एकमेकांच्या जागी जातात, आणि पहिल्यांदा हा प्रोग्राम लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या पडद्यावर ते विचित्र नाव एकदा तरी उमटते.

प्रोसेसरचे पूर्ण नाव हेक्स (म्हणजे सोळाच्या पायावरील संख्यापद्धतीतील) ८००००००२ ते ८००००००४ या तीन पानांवर असते. प्रत्येक पानावर चार रजिस्टर आणि प्रत्येक रजिस्टरमध्ये चार बाइट, म्हणजे एकूण ४८ बाइट. आधी पान ८००००००० उघडून ही पाने आहेत की नाहीत याची खात्री करावी, ४९ बाइटचा ॲरे घ्यावा आणि शेवटचा बाइट आपल्या हाताने शून्य करावा. इंटेलच्या जुन्या प्रोसेसरांत नावाच्या सुरुवातीला रिकाम्या जागा येतात. त्या गाळूनच नाव छापावे.

यासाठी असेम्ब्ली लिहिण्याची गरज नाही. जीसीसी आणि क्लँग यांच्याबरोबर येणाऱ्या ‘सीपीयूआयडी डॉट एच’ या हेडरमध्ये ‘गेट सीपीयूआयडी’ हे फंक्शन आहे. त्याच्या नावाआधी दोन अंडरस्कोर लागतात. त्याला पानाचा क्रमांक आणि चार अनसाइन्ड पूर्णांकांचे पत्ते द्यायचे. पान उपलब्ध नसेल तर ते शून्य परत करते, आणि तसे झाले तर ती चार चले मुळीच वाचू नयेत. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरसाठी हेच काम ‘इंट्रिन डॉट एच’मधील ‘सीपीयूआयडी’ करते. आज्ञा थेट प्रोसेसरकडे जात असल्यामुळे लिनक्स आणि विंडोज या दोन्हींवर उत्तर तेच येते, आणि तुमचा घरचा प्रश्न तेथेच मिटतो.

रास्पबेरी पायचे गणित वेगळे आहे, कारण तो आर्म घराण्यातला आहे. तेथे सीपीयूआयडी ही आज्ञाच नाही, आणि ओळख सांगणारे रजिस्टर सामान्य प्रोग्रामसाठी थेट खुले नसते. म्हणून तेथे लिनक्सलाच विचारावे लागते, आणि लिनक्स नावाऐवजी क्रमांक सांगते : ‘सीपीयू इम्प्लिमेंटर’समोर हेक्स ४१ म्हणजे आर्म कंपनी आणि ‘सीपीयू पार्ट’समोर हेक्स डी०८ म्हणजे कॉर्टेक्स-ए७२. पाय ३ वर तेथे डी०३, म्हणजे कॉर्टेक्स-ए५३ दिसेल. क्रमांकावरून नाव काढणारा तक्ता तुमच्या प्रोग्राममध्ये तुम्हालाच ठेवावा लागेल. ‘एलएससीपीयू’ ही परिचित कमांडही असाच तक्ता बाळगते.

आता ८ चा आकडा. तुम्ही ‘प्रोसेसर’ने सुरू होणाऱ्या ओळी मोजल्या असणार. प्रत्येक कोअर एकाच वेळी दोन थ्रेड (कामाचे स्वतंत्र धागे) चालवू शकत असेल तर लिनक्स त्याला दोन प्रोसेसर धरते. खरे कोअर हवे असतील तर ‘फिजिकल आयडी’ आणि ‘कोअर आयडी’ यांच्या वेगवेगळ्या जोड्या मोजाव्यात. विंडोजवर ‘गेट लॉजिकल प्रोसेसर इन्फॉर्मेशन एक्स’ आणि मॅकवर ‘सिसकंट्रोल बाय नेम’ला ‘एचडब्ल्यू डॉट फिजिकलसीपीयू’ हे नाव देऊन हाच आकडा मिळतो. हे काम सीपीयूआयडीच्या पानांवरून करण्याच्या फंदात पडू नये. ते शक्य आहे, पण इंटेल आणि एएमडी यांची पाने वेगळी आहेत, आणि आज्ञा ज्या कोअरवर चालते त्याच्याच दृष्टीने ती उत्तर देते.

प्रश्न : नागपूरहून लिहितो. ‘/प्रोक/सीपीयूइन्फो’ एकदम वाचून घेण्यासाठी मी ‘एफसीक’ने फाइलीच्या शेवटी जातो आणि ‘एफटेल’ने तिची लांबी काढतो. लांबी नेहमी शून्य येते, तरी ‘कॅट’ने पाहिले तर फाइल भरलेली दिसते. माझे काय चुकते?

उत्तर : तुमचे तर्कशास्त्र चुकलेले नाही, ती फाइलच डिस्कवर नाही. ‘/प्रोक’मधील मजकूर कोणी वाचायला आले की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, त्या क्षणी तयार करून हाती देतो, त्यामुळे आधी विचारली तर लांबी शून्यच सांगितली जाते. ‘एफगेट्स’ने शेवट येईपर्यंत ओळीमागून ओळ वाचत जावे. मात्र आधुनिक एक्स८६ प्रोसेसरांवर ‘फ्लॅग्ज’ ही ओळ हजार अक्षरांच्याही पुढे जाते, तेव्हा २५६ बाइटचा बफर घेतल्यास ती तुकड्यातुकड्यांनी हाती येईल. ‘गेटलाइन’ वापरल्यास ही अडचण येत नाही.

प्रश्न : नाशिकजवळच्या बाजार समितीतील व्यापाऱ्यांसाठी मी हिशेबाचे सॉफ्टवेअर बनवून विकतो. एका परवान्यावर एकच संगणक चालावा म्हणून संगणकाची माहिती पुरवणाऱ्या विंडोजच्या डब्ल्यूएमआय सेवेतून ‘प्रोसेसर आयडी’ वाचून त्यावर परवाना बांधला होता. गेल्या महिन्यात दोन वेगळ्या व्यापाऱ्यांच्या संगणकांनी तोच क्रमांक दाखवला : बीएफईबीएफबीएफएफ०००९०६ईए. दुसऱ्याने कॉपी केली असे समजून मी त्याला कडक शब्दांत फोन केला. प्रत्यक्षात त्याने रीतसर पैसे भरलेले होते. प्रोसेसरचा खरा अनुक्रमांक सी भाषेतून कसा वाचावा?

उत्तर : त्या व्यापाऱ्याची आधी क्षमा मागावी, कारण तुमच्याजवळचा क्रमांक त्याच्या संगणकाचा नाही, त्याच्या प्रोसेसरच्या मॉडेलचा आहे. तो सुटा करून पाहू.

हा सोळा अंकांचा क्रमांक म्हणजे सीपीयूआयडीच्या पान १ वरील दोन रजिस्टर एकापुढे एक मांडलेले आहेत. डावीकडचे आठ अंक ईडीएक्स, उजवीकडचे आठ अंक ईएएक्स. उजवा भाग ०००९०६ईए असा आहे. तो शेवटाकडून वाचायचा : ए म्हणजे १० ही सुधारित आवृत्ती, ई हा मॉडेलचा पाया, ६ हे कुटुंब, त्यानंतरचे शून्य प्रकारासाठी, आणि ९ हा मॉडेलचा विस्तार. कुटुंब ६ किंवा १५ असेल तेव्हा इंटेलच्या प्रोसेसरांत हा विस्तार पायाच्या डाव्या बाजूला जोडायचा असतो. म्हणून मॉडेल हेक्स ९ई, म्हणजे १५८. कुटुंब ६, मॉडेल १५८, आवृत्ती १० ही इंटेलच्या कॉफी लेक पिढीतील कोअर आय७-८७०० सारख्या प्रोसेसरांची खूण आहे. त्या जातीचे जेवढे प्रोसेसर विकले गेले, त्या सर्वांत हा भाग अक्षरशः एकसारखा आहे. तुमच्या दोन व्यापाऱ्यांनी बहुधा एकाच दुकानातून, एकाच सुमारास संगणक घेतले असतील. तेवढे पुरेसे आहे.

डावा भाग, बीएफईबीएफबीएफएफ, हा क्षमतांचा तक्ता आहे. त्यातील एकेक बिट एकेका सोयीविषयी होय किंवा नाही सांगतो. त्यातला अठरावा बिट (मोजणी शून्यापासून) नेमका तुमच्याच प्रश्नाविषयीचा आहे : ‘या प्रोसेसरला अनुक्रमांक आहे का?’ सोळा ते तेवीस या बिटांचे अंक ईबी आहेत. द्विमान पद्धतीत ते १११०१०११ असे होतात, आणि उजवीकडून मोजत गेल्यास सोळावा १, सतरावा १, अठरावा ०. म्हणजे ज्या क्रमांकाला तुम्ही अनुक्रमांक समजत होता, त्यातच अनुक्रमांक नसल्याचे लिहिलेले आहे.

असा अनुक्रमांक एके काळी खरोखर होता. १९९९ मध्ये आलेल्या पेंटियम ३ मध्ये इंटेलने ९६ बिटचा अनुक्रमांक दिला आणि तो पान ३ वरून कोणताही प्रोग्राम वाचू शकत असे. संगणकावरून माणसाचा माग काढता येईल, या भीतीने खासगीपणाचा आग्रह धरणाऱ्या संघटनांनी त्याला मोठा विरोध केला, आणि पेंटियम ४ मध्ये ती सोय राहिली नाही. मला हा निर्णय योग्य वाटतो, जरी त्यामुळे तुमच्यासारख्या प्रामाणिक व्यावसायिकाची अडचण झाली असली तरी. सर्व्हरसाठीच्या काही झिऑन प्रोसेसरांत आजही एक सुरक्षित क्रमांक असतो, पण तो कर्नलच्या अधिकाराशिवाय वाचता येत नाही आणि व्यापाऱ्याच्या गाळ्यातील संगणकात तो सापडण्याची आशा करू नये.

परवाना बांधायचाच असेल तर प्रोसेसर सोडून द्यावा. विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘क्रिप्टोग्राफी’ या कळीखाली ‘मशीन ग्विड’ असते आणि लिनक्सवर ‘/ईटीसी/मशीन-आयडी’ ही फाइल असते. हे दोन्ही ऑपरेटिंग सिस्टीम बसवताना तयार होणारे यादृच्छिक क्रमांक आहेत, ते हार्डवेअरचे नाहीत. विंडोज नव्याने बसवली की ते बदलतात, आणि डिस्कची जशीच्या तशी प्रत केली तर दोन संगणकांवर तेच राहतात. म्हणून क्रमांक जुळला नाही तर प्रोग्राम बंद पाडू नये. काही दिवसांची मुदत देऊन फोन करण्याची विनंती दाखवावी. कांद्याच्या ऐन हंगामात संगणक दुरुस्तीला गेला आणि परत आल्यावर हिशेबच उघडेना, ही पाळी पैसे भरलेल्या ग्राहकावर येता कामा नये.

प्रश्न : कोल्हापूरच्या एका फाउंड्रीसाठी ओतीव भागांच्या फोटोंतील भेगा शोधणारा प्रोग्राम मी सी भाषेत लिहिला. वेगासाठी एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या एव्हीएक्स२ आज्ञा वापरल्या आहेत. त्या चालवण्यापूर्वी पान १ वरील ईसीएक्सचा अठ्ठाविसावा बिट तपासतो आणि तो ० असेल तर साधे फंक्शन वापरतो. जीसीसीला ‘-एमआर्च=नेटिव्ह’ हा पर्याय दिला आहे. तरीही फाउंड्रीतील कोअर आय५-३४७० च्या संगणकावर प्रोग्राम ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून कोसळतो, आणि पेंटियम गोल्ड जी५४०० वर तर पहिली ओळ छापण्याआधीच.

उत्तर : दोन संगणक आहेत आणि चुकाही दोन आहेत. पेंटियमवाली चूक आधी घेऊ, कारण ती अधिक लपलेली असते. ‘-एमआर्च=नेटिव्ह’ म्हणजे ‘ज्या संगणकावर कंपाइल करतो आहे, त्याच्या सर्व आज्ञा वापरण्यास हरकत नाही’ अशी कंपायलरला दिलेली परवानगी. ती तुमच्या एका फंक्शनपुरती राहत नाही, पूर्ण प्रोग्रामला लागू होते. स्ट्रक्चर शून्य करणे किंवा ॲरेची नक्कल करणे अशा किरकोळ कामांतही कंपायलर एव्हीएक्स आज्ञा पेरतो, आणि तुमची तपासणी सुरू होण्यापूर्वीच प्रोग्राम त्यांच्यावर आदळतो. जी५४०० हा २०१८ चा प्रोसेसर असूनही त्याच्यात एव्हीएक्स मुळीच नाही. प्रोसेसर नवा असला म्हणजे क्षमता असणारच, असे समजता येत नाही. यावर उपाय असा : हा पर्याय काढून टाकावा आणि फक्त वेगवान फंक्शनला ‘टार्गेट’ हे ॲट्रिब्यूट लावून त्यात ‘एव्हीएक्स२’ लिहावे, किंवा ते फंक्शन वेगळ्या फाइलीत ठेवून तेवढीच फाइल ‘-एमएव्हीएक्स२’ देऊन कंपाइल करावी.

दुसरी चूक : अठ्ठाविसावा बिट एव्हीएक्सचा आहे, एव्हीएक्स२ चा नाही. एव्हीएक्स २०११ मध्ये इंटेलच्या सँडी ब्रिजबरोबर आले, एव्हीएक्स२ २०१३ मध्ये हॅसवेलबरोबर. आय५-३४७० हा या दोहोंच्या मधला, २०१२ चा आहे. ‘एव्हीएक्स आहे का’ या प्रश्नाला त्याने ‘होय’ असे खरे उत्तर दिले, आणि तुम्ही त्याच्याकडून न विचारलेले काम करून घेऊ लागलात. एव्हीएक्स२ चा बिट पान ७ वर, ईबीएक्समध्ये पाचवा आहे. येथे आणखी एक काळजी घ्यावी लागते. पान ७ ला उपपाने आहेत आणि उपपानाचा क्रमांक आज्ञेपूर्वी ईसीएक्समध्ये ठेवावा लागतो. साधे ‘गेट सीपीयूआयडी’ ईसीएक्समध्ये काहीच ठेवत नाही. तेथे आधीचा जो कचरा पडलेला असेल तोच उपपान म्हणून वाचला जातो, आणि प्रोग्राम एके दिवशी चालतो, दुसऱ्या दिवशी चालत नाही. म्हणून पान ७ आणि कॅशची माहिती देणारे पान ४ यांच्यासाठी ‘गेट सीपीयूआयडी काउंट’ हेच फंक्शन वापरून उपपान शून्य असे स्पष्ट सांगावे.

एवढ्यानेही तपासणी पूर्ण होत नाही. एव्हीएक्सचे रजिस्टर २५६ बिटचे आहेत आणि एका प्रोग्रामवरून दुसऱ्यावर जाताना ते जपून ठेवण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टीमचे असते. ती तसे करते का, हे पाहण्यासाठी पान १ वरील ईसीएक्सचा सत्ताविसावा बिट १ आहे ना ते आधी पाहावे आणि मगच ‘एक्सगेटबीव्ही’ आज्ञेने मिळणाऱ्या उत्तरात पहिला व दुसरा बिट (येथेही मोजणी शून्यापासून) दोन्ही १ आहेत का ते तपासावे. हा क्रम उलटा केला तर एक्सगेटबीव्ही हीच अवैध आज्ञा ठरू शकते. हे सर्व हाताने लिहिण्याऐवजी जीसीसी आणि क्लँगमधील ‘बिल्टिन सीपीयू सपोर्ट्स’ला ‘एव्हीएक्स२’ हे नाव द्यावे. ते या सगळ्या पायऱ्या नीट पार पाडते.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारले आहे की कंपनीची खूण पाहून ‘इंटेल असेल तरच वेगवान मार्ग’ असे करावे का. कृपया करू नये. इंटेलच्या स्वतःच्या कंपायलरने अशी निवड केल्यामुळे एएमडीच्या प्रोसेसरांवर क्षमता असूनही संथ मार्ग घेतला जात असे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये इंटेलविरुद्ध केलेल्या तक्रारीत हाही एक मुद्दा होता, आणि २०१० च्या तडजोडीत त्याविषयी ग्राहकांना स्पष्ट सांगण्याचे बंधन इंटेलवर आले. क्षमतेचा बिट समोर असताना घराण्याच्या नावावरून अंदाज बांधणे हा त्या प्रोसेसरवर आणि तो विकत घेणाऱ्यावर अन्याय आहे.

प्रश्न : पुण्यात सॉफ्टवेअर अभियंता आहे. आमची सेवा ६४ लॉजिकल प्रोसेसरच्या सर्व्हरवर कंटेनरमध्ये (इतर प्रोग्रामांपासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात) चालते आणि तिला दोन प्रोसेसरएवढीच मर्यादा दिलेली आहे. सेवा सुरू होताना ‘सिसकॉन्फ’कडून चालू प्रोसेसरांची संख्या घेऊन तेवढे थ्रेड उघडते. ती ६४ थ्रेड उघडते आणि अधूनमधून उत्तर देणेच थांबवते. सीपीयूआयडीने खरी संख्या मिळेल का?

उत्तर : मिळणार नाही. मर्यादा प्रोसेसरवर घातलेली नाही, तुमच्या प्रोसेसवर घातलेली आहे, आणि प्रोसेसरला तिचा पत्ताही नाही. ‘सिसकॉन्फ’ साधारणतः यंत्रात किती प्रोसेसर चालू आहेत ते सांगते. तुमचा प्रश्न मला किती वापरता येतील हा आहे.

त्याचे उत्तर दोन ठिकाणी शोधावे लागते. प्रोसेसला ठरावीक प्रोसेसरांवरच बांधले असेल तर ते ‘शेड गेट ॲफिनिटी’ला कळते, त्याने भरून दिलेला संच ‘सीपीयू काउंट’ने मोजावा, आणि हेडर घेण्यापूर्वी ‘ग्नू सोर्स’ हा मॅक्रो जाहीर करण्यास विसरू नये. पण तुमच्या प्रकरणात बहुधा वेळेचा वाटा ठरवून दिलेला आहे, आणि तो ॲफिनिटीत दिसत नाही. तेथेही ६४ च येतील. सीग्रुपच्या (प्रोसेसचा वापर मर्यादित ठेवणाऱ्या लिनक्समधील सोयीच्या) दुसऱ्या आवृत्तीत तो कंटेनरच्या आतून ‘/सिस/एफएस/सीग्रुप/सीपीयू.मॅक्स’ या फाइलीत वाचता येतो. तिच्यात दोन आकडे असतात, उदाहरणार्थ २००००० १०००००, दोन्ही मायक्रोसेकंदांत : दर एक लाख मायक्रोसेकंदांमागे दोन लाख मायक्रोसेकंद प्रोसेसर वापरण्याची मुभा, म्हणजे दोन प्रोसेसर. तुमचे ६४ थ्रेड एकदम धावतात तेव्हा हा सारा वाटा सुमारे तीन हजार मायक्रोसेकंदांत संपतो आणि उरलेल्या सत्त्याण्णव हजारांत सर्व थ्रेड थांबवून ठेवले जातात. सेवा अधूनमधून गप्प होते ती याच काळात.

पहिल्या आकड्याच्या जागी ‘मॅक्स’ हा शब्द असेल तर मर्यादा नाही. त्यामुळे ती जागा थेट आकडा म्हणून न वाचता आधी शब्द म्हणून वाचावी. सीग्रुपच्या पहिल्या आवृत्तीत हेच दोन आकडे ‘सीपीयू.सीएफएस_कोटा_यूएस’ आणि ‘सीपीयू.सीएफएस_पिरियड_यूएस’ या वेगवेगळ्या फाइलींत असतात आणि कोटा उणे १ असणे म्हणजे मर्यादा नसणे. भागाकार अपूर्णांकात आला, जसे १.५, तर वर पूर्ण करून २ घ्यावेत, तो एकापेक्षा कमी आला तरी एक थ्रेड ठेवावाच, आणि ॲफिनिटीवरून आलेली संख्या याहून लहान असेल तर ती धरावी.